भरल्या वाटीपुढची उपासमार

सुज्ञ वाचकहो, कथेस आरंभ करण्यापूर्वी पुढील निवेदन अत्यंत गांभीर्याने करीत आहे. या कथेत एका सशाचे प्रेत आहे. कृपया हसू नये. ज्या प्रेतास खांदा द्यायला चार माणसे येत नाहीत, त्याच्या मागेही कोणाचे तरी असत्य उभे असते. आणि या असत्यापायी एका निरपराध बाईच्या डोक्यावरचे छप्पर जाण्याची वेळ आली होती. भरलेल्या वाटीपुढे ससा उपाशी कसा मेला, हा या कथेचा प्रश्न आहे. उत्तराच्या खुणा मी वाटेवरच ठेवल्या आहेत. एकही लपवलेली नाही. ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने वेचाव्यात.

१. सातवा पिंजरा

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास राजाराम घाडी जोगेश्वरी पूर्वेच्या 'लाडोबा' बोर्डिंगची पायरी चढला. माणसे परगावी निघाली की आपली कुत्री-मांजरे येथे मुक्कामाला ठेवीत. राजाराम हा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील 'सहचर' विमा कंपनीचा माणूस. कंपनीने वर्षभरापूर्वी पाळीव प्राण्यांचे विमे उतरवण्यास प्रारंभ केला होता. खाते नवे, माणसे अवघी चार, आणि काम डोंगराएवढे. दाव्याची शहानिशा करणे हे राजारामचे मुख्य काम, परंतु जो हाताला लागेल त्याच्याकडून तेथे सर्व कामे करून घेतली जात.

पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ बांध्याचा हा गृहस्थ चारचौघांत उठून दिसला नसता. आवाज मात्र त्याला देवाने घडवून दिला होता. गणेशोत्सवात मंडपातील सूचना तोच देई, आणि हरवलेली मुले त्या आवाजाच्या दिशेने चालत येत अशी त्याची ख्याती होती. आणखी एक सवय त्याला होती. प्रत्येक प्रश्नोत्तर संपले की तो वहीवर पेन आपटून म्हणे, "पुढे जाऊ या."

सातव्या पिंजऱ्यात पांढऱ्या टॉवेलवर बत्तासा निपचित पडला होता. चार वर्षांचा नर ससा, दुधासारखा शुभ्र. बरगड्या हाताला लागत होत्या. आणि त्याच्या नाकासमोर स्टीलची वाटी गाजराच्या तुकड्यांनी काठोकाठ भरलेली होती. बाजूच्या जाळीत वाळलेले गवत जसेच्या तसे होते.

"बघा! बघा हे नाटक!" सशाचा मालक देवव्रत केतकर ओरडला. तो अंधेरीच्या एका कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता. सोमवारी रात्री ससा गेल्याचे कळताच सोलापूरहून रात्रभर गाडी चालवून तो तासाभरापूर्वीच येथे पोचला होता. "या बाईने दोन दिवस त्याला उपाशी ठेवलं, आणि मेल्यावर वाटी भरून ठेवली. माझी मागणी आहे घाडी, डॉक्टरांकडून त्याला उघडून तपासा. पोटात काय आहे ते जगाला कळू दे!"

ज्या बाईकडे त्याचे बोट होते ती कमल सोनकांबळे भिंतीला टेकून उभी होती. नांदेडकडची, नवरा वारलेला. ती बोर्डिंगच्या मागल्या खोलीत बारावीला असलेल्या आपल्या मुलीसह, दर्शनासह, राहत असे. नोकरी आणि खोली एकाच किल्लीची होती.

"कमल, मी काय करू गं आता?" बोर्डिंगची मालकीण नीलम शेट्ये कपाळाला हात लावून म्हणाली. "धंद्याची वाट लागली माझ्या. हे साहेब पोलिसात चाललेत. घाडीसाहेबांनी अहवालात 'निष्काळजीपणा' लिहिलं ना, तर मला तुला ठेवता नाही येणार. खोलीसुद्धा नाही."

"मी उपाशी नाही ठेवलं ताई," कमल म्हणाली. आवाज चढवण्याचे बळ तिच्यात नव्हते.

"अहवाल शुक्रवारी दुपारी बाराला जाईल," राजाराम म्हणाला. "तोवर कोणीही कोणाला काढायचे नाही. पुढे जाऊ या."

तो वाटीवर वाकला. वरचे तुकडे कडेला सुकून आक्रसले होते. म्हणजे वाटी निदान काल दुपारपासून भरलेली होती. मेल्यावर भरल्याचा आरोप येथेच लंगडा पडला. त्याने पेनाच्या टोकाने तुकडे बाजूला सारले आणि त्याची नजर तळाशी खिळली.

चार तुकड्यांवर पुढच्या दातांच्या खुणा होत्या. सशाने ते उचलले होते, चावले होते आणि परत टाकून दिले होते. एकावर पांढरे केस चिकटलेले होते, लाळेने वाळलेले.

बत्तासाला भूक होती. मग त्याला कोणी थांबवले?

२. लाल दोरा

"पहिल्या दिवसापासून सांग," राजारामने कमलला समोर बसवून म्हटले.

"गुरुवारी सकाळी आजी आल्या, साहेबांच्या आई. डबा दिला. म्हणल्या, तीन दिवसांचं खाणं आहे, हेच घाल, शनिवारी रात्री आम्ही परत. मी फ्रिजमधी ठेवला. घातला की सगळं चाटूनपुसून खायचा तो. लई गुणी होता."

"आणि मग?"

"मग शनिवारी कोणी आलं नाही. तिकडं आजींचा पाय मुरगळला म्हणे. डबा संपला. रविवारी मी कार्ड बघितलं आन् कार्डावर लिहिलं तेच घातलं. गवत, गाजर. त्यानं तोंड नाही लावलं. म्हणजे लावायचा, सोडायचा. मला वाटलं घरच्यांची आठवण काढतोय."

"आणखी काही दिसले?"

कमल अडखळली. "हनुवटी ओली असायची त्याची. पुढचे पायपण आतल्या अंगानं चिकट. मला वाटलं पाणी पिताना सांडतंय. पण रविवारी संध्याकाळी मी ताईंना म्हणले, डॉक्टरला दाखवू का. ताई म्हणल्या, मालकाला विचारल्याशिवाय नको, कार्डावर काहीच आजार नाही."

राजारामने कार्ड मागवले. 'आहार : वाळलेले गवत, गाजर, कोथिंबीर. पूर्वीचा आजार : नाही.' अक्षर वळणदार, जुन्या शाळेतले. खाली सही : जयंती केतकर.

"डबा कुठे आहे?"

कमलने तो घासूनपुसून फळीवर ठेवला होता. पांढऱ्या प्लॅस्टिकचा साधा डबा, झाकणाच्या कडीला लाल दोरा बांधलेला. पांढऱ्या प्लॅस्टिकवर गाजराचा केशरी डाग राहतोच. तसा तो आतून सर्वत्र पसरला होता. झाकणाच्या खाचेत गाजराचा एक तंतू वाळून बसला होता, केसाहून थोडा जाड.

"यात तुकडे होते?"

"तुकडे नाही साहेब. बारीक होतं सगळं. कोथिंबीरसुद्धा अशी की चटणीला वाटावी."

राजारामने हे वहीत टिपले खरे, परंतु वाचकहो, खेदाने नमूद करावे लागते की त्या क्षणी त्याला त्यातील अर्थ कळला नाही. काखेत कळसा होता. त्याने गावाला वळसा घातला.

बाहेर नीलम त्याची वाट पाहत उभी होती. "साहेब, माझ्या डोक्यावर तरी घेऊ नका हां. त्या आजीबाईंचे लाड म्हणजे विचारू नका. रविवारी फोन केला त्यांनी. मला म्हणतात, 'खातोय ना गं?' मी म्हटलं, मस्त आहे आजी, वाटी भरलेली असते. तर गप्प! मग हळूच म्हणतात, 'त्याला जरा गाजर किसून देशील का?' मी हसले. म्हटलं आजी, सशाला देवाने दात दिलेत, तुमचं-माझं जेवण आहे का ते!"

"हे कमलला सांगितलेत?"

"छे हो. गंमत होती ती."

नीलम हसत होती. राजाराम हसला नाही, पण का नाही हसला हे त्यालाही सांगता आले नसते.

३. जाहिरात

बुधवारी सायंकाळी तो केतकरांच्या अंधेरीच्या सदनिकेत गेला. दार देवव्रतने उघडले आणि उघडताच तो तीन वेळा शिंकला. सोफ्याच्या कडेला अद्याप पांढरे केस होते.

"ससा तुम्ही हौसेने घेतला होता?" राजारामने विचारले.

"आईने. बाबा गेल्यानंतर तिला सोबत हवी होती. मला केसांचा त्रास होतो, पण तिच्यासाठी सोसलं."

"सोसलेत?" राजारामने खिशातून एक कागद काढून टेबलावर पसरला. इंटरनेटवरील जाहिरात होती. 'चार वर्षांचा पांढरा ससा, चांगल्या घरी विनामूल्य देणे आहे.' खाली देवव्रतचा फोन क्रमांक. तारीख सात महिन्यांपूर्वीची.

देवव्रतचा चेहरा उतरला. "हो, दिली होती. तेव्हा त्याला एकदा जुलाब झाले, आठवडाभर आई जेवली नाही. मी म्हटलं, पुढच्या वेळी हा आजारी पडला तर मी औषधपाणी करणार नाही, सरळ कोणाला तरी देऊन टाकीन. रागात बोललो. मग आईनेच विम्याचं काढलं. म्हणाली, तुझ्यावर भार नको. सहा महिने झाले."

आता संशयाची सुई कोठे वळावी हे वाचकांनीच ठरवावे. ज्याला ससा नको होता त्यानेच दावा केला होता. राजारामने मनोमन आरोपपत्र लिहायला घेतले.

इतक्यात आतून काठीचा आवाज आला. जयंतीबाई पायाला पट्टी बांधून लंगडत बाहेर आल्या. सत्तरी ओलांडलेली, नऊवार नव्हे पण नीटस सुती साडी नेसलेली बाई. डोळे सुजलेले.

"आई, हे विमा कंपनीचे."

"नमस्कार," राजाराम म्हणाला. "आपल्या दुःखात व्यत्यय आणतो आहे, क्षमा असावी."

जयंतीबाई दचकल्या. त्यांनी त्याच्याकडे एकटक पाहिले. "तुमचा आवाज..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"मंडपात ऐकला असेल," राजाराम किंचित अभिमानाने म्हणाला. "बरेच जण ओळखतात."

"असेल," त्या म्हणाल्या आणि बसल्या. त्यानंतर त्यांनी त्याच्या डोळ्यांत एकदाही पाहिले नाही.

"बत्तासाला कधी काही दुखणे?"

"नाही."

"दात, पोट, डोळे?"

"नाही म्हटलं ना."

"रविवारी बोर्डिंगला फोन केलात तेव्हा—"

"खातोय का विचारलं. आईला विचारावंसं वाटतं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "त्या कमलला काय होणार हो?"

"पोलीस तक्रार होईल. खोली जाईल. मुलगी बारावीला आहे म्हणतात."

राजाराम पाणी मागण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरापर्यंत गेला. ओटा लखलखीत. भिंतीवर झारे-कालथे ओळीने टांगलेले. त्या ओळीपासून दूर, खिडकीच्या वेगळ्या खिळ्यावर एक किसणी होती, एकटीच, जणू वाळीत टाकलेली. तिच्या मुठीला लाल दोरा होता.

"आईची शिस्त," देवव्रत मागून म्हणाला. "सशाची भांडी घरच्या भांड्यांत मिसळायची नाहीत. खूण म्हणून दोरा. मला कधी कळलंच नाही सशाला भांडी कशाला लागतात!"

पाण्याचा पेला राजारामच्या हातात तसाच राहिला.

"पुढे जाऊ या," तो म्हणाला. परंतु त्या वेळी तो स्वतःशीच बोलत होता. बैठकीच्या खोलीत ते शब्द ऐकून जयंतीबाईंनी डोळे मिटून घेतले, हे त्याने पाहिले नाही.

४. मागचे दात

गुरुवारी सकाळी मालाडच्या दवाखान्यात डॉक्टर श्वेता मेस्त्री यांनी हातमोजे काढले आणि त्याला आत बोलावले.

"पोट रिकामं. विष नाही, मार नाही. दोन दिवस काही गेलेलं नाही पोटात. सशाला तेवढं पुरतं. त्याचं आतडं थांबलं की ससा संपला."

"म्हणजे उपासमार. कमलने—"

"थांबा हो. तोंड कोणी बघितलं का?" त्यांनी एक छायाचित्र त्याच्यापुढे सरकवले. "पुढचे दात झकास आहेत. म्हणून कोणाला काही कळत नाही. सशाचे दात जन्मभर वाढतात. हे मागचे बघा. वाढून वाकडे झालेत, आणि त्यांची टोकं जिभेत घुसलीत. जिभेवर जुन्या जखमांचे व्रण आहेत. त्याने गाजर पुढच्या दातांनी तोडलं असेल, पण चावणार कशाने? प्रत्येक घासाला सुई टोचल्यासारखं. लाळ गळणार, तो पुढच्या पायांनी पुसत राहणार."

ओली हनुवटी. चिकट पाय. चार टाकलेले तुकडे.

"किती दिवसांचा आजार?"

"व्रण बघता वर्षाच्या आसपास. सहा महिन्यांपेक्षा तर नक्कीच जुना."

"विमा सहा महिन्यांचा आहे," राजाराम पुटपुटला. "उपाय नव्हता?"

"साधा होता. दर दोन महिन्यांनी टोकं घासून द्यायची. म्हातारा होऊन मेला असता." डॉक्टरांनी दिवा मालवला. "पण ससा दुखणं शेवटपर्यंत लपवतो, घाडी. रानात जो आजारी दिसतो त्याला सगळ्यांत आधी उचलतात. त्याला ते ठाऊक असतं."

राजाराम दवाखान्याच्या पायरीवर थोडा वेळ उभा राहिला. लाल दोऱ्याचा डबा आणि लाल दोऱ्याची किसणी त्याच्या डोळ्यांपुढे एकत्र आली. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याइतकी चूक त्याच्या हातून होऊ घातली होती. आणि हा संन्यासी कमल नव्हती. तो देवव्रत होता.

५. उलगडा

शुक्रवारी सकाळी दहा वाजता 'लाडोबा'च्या बैठकीच्या खोलीत पाच माणसे जमली. नीलम, कमल, देवव्रत, जयंतीबाई आणि राजाराम. दोन तासांत अहवाल द्यायचा होता. मागल्या खोलीच्या दारात एक पत्र्याची पेटी दिसत होती. कमलने सामान बांधून ठेवले होते.

राजारामने घसा साफ केला.

"बत्तासा भरल्या वाटीपुढे उपाशी मेला, कारण त्याला चावता येत नव्हते. मागचे दात वर्षभर वाढत होते. तरीही तो वर्षभर जगला, याचा अर्थ कोणीतरी त्याला न चावता खाता येईल असे अन्न देत होते. कमलने पहिले तीन दिवस डब्यातले घातले तेव्हा त्याने चाटूनपुसून खाल्ले. डब्यात किसलेले गाजर आणि वाटल्यासारखी कोथिंबीर होती. डबा संपला, आणि सशाचे जेवण संपले."

"म्हणजे घरी माहीत होतं?" नीलम देवव्रतकडे वळली. "तरीच! साहेब, तुम्ही माझ्या बाईला अडकवत होतात?"

"त्यांना माहीत नव्हते," राजाराम म्हणाला. "ज्याला आजार ठाऊक आहे तो स्वतःहून 'सशाला उघडून तपासा' अशी मागणी करत नाही. यांनी ती पहिल्याच मिनिटाला केली. शिवाय ससा घरातून घालवायला यांना निमित्त हवे होते. आजार कळला असता तर ते आयते मिळाले असते. म्हणूनच तो यांच्यापासून लपवला गेला. किसणी ज्यांची, त्यांनी."

सर्वांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"आई?" देवव्रत म्हणाला.

जयंतीबाईंनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "तू म्हणाला होतास देऊन टाकीन. म्हणून मी चोरून किसत राहिले. तू कचेरीत गेलास की रोज दोन वेळा. तुला दिसू नये म्हणून खिळासुद्धा वेगळा मारला." त्या कमलकडे वळल्या. "मला वाटलं तीन दिवसांचा प्रश्न आहे. तिथे पाय मुरगळला. हा शेजारी बसलेला, फोनवर बोलू कशी? 'वाटी भरलेली असते' असं ही नीलम म्हणाली, तेव्हाच मला कळलं. भरलेली वाटी म्हणजे तो खात नाही. मी म्हटलं, किसून दे. ही हसली."

नीलम खाली पाहू लागली.

"आजी, मला कानात सांगायचं ना," कमल म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच तो ऐकवेना. "कार्डावर नका लिहू. नुसतं कानात. मी पाट्यावर वाटून घातलं असतं."

"कागदाला कागद लावून बघतील, विमा रद्द होईल, अशी भीती वाटली गं. तिकडे विम्यात 'नाही' लिहिलेलं, म्हणून इकडे कार्डावरही 'नाही'. विमा जुना झाला की डॉक्टरांकडे नेईन, नवीनच दुखणं आहे म्हणून सांगेन, असं मनात योजलं होतं."

राजाराम ताठ झाला. आयुष्यात प्रथमच एवढे गुंतागुंतीचे कोडे त्याने एकट्याने सोडवले होते, आणि त्याच्या आवाजात मंडपातील भारदस्तपणा उतरला.

"बाई, विम्यात असत्य हे असे बुडवते. आपण खरे सांगितले असते, तर आमची कंपनी विमा नाकारत नव्हती! जुना आजार जाहीर केला की तेवढाच एक आजार वगळतात. उलट, आमचा डॉक्टर घरी येऊन सशाची विनामूल्य तपासणी करतो. त्याने दात पाहिले असते. घासले असते. आज बत्तासा जिवंत असता."

आतल्या पिंजऱ्यातून एक कुत्रे कण्हले.

"मी खरं सांगितलं होतं," जयंतीबाई म्हणाल्या.

"कोणाला?"

"विमा घेताना फोन आला होता तुमच्याकडून. प्रश्न विचारायला. मी सांगितलं, दातांचं थोडंसं आहे. तर तो माणूस म्हणाला, 'नाही' म्हणा."

"कोण माणूस?" राजारामने वही उघडली. "नाव सांगा. अशा माणसाला मी अहवालातून सोडणार नाही."

"नाव नाही विचारलं." त्यांनी प्रथमच मान वर करून त्याच्या डोळ्यांत पाहिले. "पण आवाज फार छान होता हो. आणि प्रत्येक उत्तरानंतर म्हणायचा, पुढे जाऊ या."

६. ध्वनिफीत

कंपनीत प्रत्येक संभाषण नोंदवलेले असते. साडेअकराला राजाराम आपल्या खुर्चीवर बसला, कानांना यंत्र लावले, आणि केतकरांच्या विमापत्राचा क्रमांक टाकला.

मार्च महिना होता तो. वर्षअखेरीमुळे खात्यातील चौघांनाही फोनला बसवले होते, दिवसाला प्रत्येकी चाळीस. कोणी 'हो' म्हटले की चार पानांचा वेगळा अर्ज, डॉक्टरची भेट, पंधरा दिवसांचा खोळंबा. वरिष्ठ विचारीत, कागद पुढे का गेले नाहीत? चाळिसांतील एकही आवाज त्याला आठवत नव्हता.

त्याने कळ दाबली.

"आजी, सशाला पूर्वीचा काही आजार?"

"म्हणजे... दातांचं थोडंसं आहे हो. नीट चावत नाही. मी किसून घालते."

"किरकोळ आहे ना? मग 'नाही' म्हणा. 'हो' म्हटलंत तर कागद अडकतात."

"पण मग ते खोटं—"

"अहो, खोटं कसलं त्यात! सगळेच म्हणतात. नाही ना? बोला."

त्या बोलता बोलता किसत असाव्यात, कारण किसणीचा आवाज येत होता, खर्र खर्र, आणि तो थांबला.

"...नाही."

"छान. पुढे जाऊ या."

राजारामने ते तीन वेळा ऐकले. उत्तर सहा महिने या यंत्रात पडून होते. किसणीसुद्धा त्याला तेव्हाच सांगितली होती. त्याच आवाजाच्या दिशेने हरवलेली मुले चालत येत असत.

घड्याळात पावणेबारा झाले होते. ध्वनिफीत पुसण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. एक कळ दाबायची, आणि म्हातारीचा शब्द वाऱ्यावर. त्याचे बोट त्या कळीपर्यंत गेलेही. मग त्याला दारातली पत्र्याची पेटी आठवली. पिंजऱ्यात गाजर ठेवून आशेने बघत बसलेली कमल त्याच्या डोळ्यांपुढे आली. डॉक्टर श्वेता यांचे शब्द आठवले : आजारी दिसतो त्याला आधी उचलतात.

त्याने अहवालाचा नमुना पुढे ओढला. 'मृत्यूचे कारण : दातांचा जुना आजार व त्यामुळे अन्न न जाणे.' 'प्राणी सांभाळणाऱ्याचा निष्काळजीपणा : नाही.' हे 'नाही' त्याने दोनदा गिरवले. शेवटचा रकाना होता, 'असत्य निवेदनास जबाबदार व्यक्ती'. तेथे त्याने सावकाश, संपूर्ण नाव लिहिले : राजाराम सखाराम घाडी. सोबत ध्वनिफीत जोडली.

बाराला पाच कमी असताना अहवाल गेला.

केतकरांचा दावा फेटाळला गेला, आणि पोलिसांकडे कोणी गेले नाही. देवव्रत आईशी आता एका घरात राहून फारसे बोलत नाही असे कळते. राजारामला कंपनीने सोमवारी कामावरून कमी केल्याचे पत्र दिले. त्या वर्षी गणपतीत मंडपातील सूचना दुसऱ्या कोणी दिल्या. त्याला विचारायला आलेल्यांना तो म्हणाला, घसा बसला आहे.

कमलची पेटी पुन्हा खोलीत गेली. दर्शना सहामाही परीक्षेला बसली. पंधरा दिवसांनी जयंतीबाई रिक्षाने बोर्डिंगवर आल्या, काहीही न बोलता कागदात गुंडाळलेली एक वस्तू कमलच्या हाती ठेवली आणि तशाच परत गेल्या. ती आता सातव्या पिंजऱ्याच्या वर खिळ्याला टांगलेली आहे, मुठीच्या लाल दोऱ्यासकट. नवीन प्राणी आला की कमल मालकाने भरलेले कार्ड आधी उलटे करून ठेवते.

"लिहिलेलं राहू द्या," ती म्हणते. "आता मला कानात सांगा."

येथे ही कथा संपली. आपण बहुमोल वेळ खर्चून एका मुक्या जिवाची कहाणी शेवटपर्यंत वाचलीत, त्याबद्दल मी आपला अंतःकरणापासून ऋणी आहे. लेखनात दोष आढळल्यास ते माझ्या अल्प शिक्षणाचे समजावेत आणि उदार मनाने क्षमा करावी.

आपला नम्र,
सहदेव तुकाराम गुरव
जोगेश्वरी (पूर्व), मुंबई